विदागाराशी संवाद : रेडिस आणि त्याची क्लायंट लायब्ररी

शासकीय कार्यालयाच्या दाराशी असलेले आवक-जावकचे टेबल वाचकांच्या परिचयाचे आहे. आलेल्या कागदावर शिक्का उमटतो, क्रमांक पडतो आणि त्या क्षणापासून नागरिकाचे गाऱ्हाणे त्या क्रमांकाच्या नावाने कार्यालयात वावरू लागते. महिन्याभराने तोच नागरिक खिडकीशी येतो तेव्हा आपली सारी हकीकत पुन्हा सांगत बसत नाही. पावतीवरील क्रमांक पुढे करतो. क्रमांक सांगावा आणि कागद घ्यावा, हा जो साधा व्यवहार, तोच संगणकशास्त्रात 'किल्ली-मूल्य विदागार' अशा भारदस्त नावाने ओळखला जातो. क्रमांक ही किल्ली आणि तिच्याखाली ठेवलेला कागद हे मूल्य होय.

प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर असून प्रसिद्धी हे त्याचे काम आहे. संगणकाशी त्याचा संबंध प्रथम टंकलेखनापुरताच आला. तथापि शासनाच्या अनेक सेवा आता संगणकीय आज्ञावलींच्या द्वारे नागरिकांपर्यंत जात असल्याने, त्या आज्ञावली माहिती कोठून आणतात आणि कशी आणतात, हे आपल्या कर्मचारीवर्गास ठाऊक असणे अगत्याचे वाटते. त्यासाठी 'रेडिस' हे एकच उदाहरण येथे घेतले आहे.

रेडिस हे नाव 'रिमोट डिक्शनरी सर्व्हर' या शब्दांचे संक्षिप्त रूप आहे. साल्वातोरे सान्फिलिप्पो या इटालियन आज्ञावलीकाराने ते २००९ साली प्रसिद्ध केले. संकेतस्थळांस भेट देणाऱ्यांची नोंद क्षणोक्षणी दाखविणारी एक सेवा तो चालवीत असे; नेहमीच्या तक्तेवजा विदागारास त्या नोंदींचा वेग झेपेना, म्हणून सर्व माहिती चकतीऐवजी संगणकाच्या स्मृतीत ठेवणारे हे विदागार त्याने 'सी' भाषेत लिहिले. यातील आज्ञा एकामागून एक अशाच पार पडतात. एक आज्ञा पुरी होईपर्यंत दुसरी मध्ये शिरत नाही. हा गुणधर्म वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता मुख्य विषय. विदागार एका यंत्रावर आणि आपली आज्ञावली बहुधा दुसऱ्याच यंत्रावर असते. दोहोंमध्ये तार आहे, पण भाषा एक नाही. अभिलेख कक्षाचा रखवालदार ठरावीक नमुन्यातील चिठ्ठीच स्वीकारतो, तोंडी निरोप ऐकत नाही, असे समजावे. ती चिठ्ठी बिनचूक भरून आत नेणारा आणि मिळालेला कागद आपल्या टेबलावर आणून ठेवणारा जो जाणता पट्टेवाला, तो म्हणजे 'क्लायंट लायब्ररी'. लायब्ररी या शब्दाने येथे ग्रंथालय अभिप्रेत नाही. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या व आपल्या आज्ञावलीत जोडून घेता येणाऱ्या तयार आज्ञांचा तो संच असतो. पायथन भाषेसाठी अशी जी लायब्ररी प्रचारात आहे तिला 'रेडिस-पाय' म्हणतात. जावा, पीएचपी आदी भाषांसाठी वेगळ्या लायब्रऱ्या आहेत, पण सर्वांचे कार्य हेच.

चिठ्ठीचा नमुना पाहण्याजोगा आहे. समजा, 'तालुका:सत्तरी' या किल्लीखाली 'वाळपई' हे मुख्य ठाण्याचे नाव ठेवावयाचे आहे. आज्ञावलीकार 'सेट' एवढीच आज्ञा लिहून किल्ली व मूल्य पुढे देतो. लायब्ररी मात्र तारेवर प्रथम तारकाचिन्ह व तीन हा अंक पाठविते. म्हणजे पुढे तीन भाग येत आहेत. नंतर प्रत्येक भागापूर्वी डॉलरचे चिन्ह आणि त्या भागाची लांबी येते : 'सेट' या रोमन अक्षरांतील आज्ञेसाठी ३, किल्लीसाठी ३७, मूल्यासाठी १५. उत्तर यशस्वी असेल तर अधिक चिन्हाने सुरू होते, चूक असेल तर वजा चिन्हाने, आणि पूर्णांक असेल तर अपूर्णविरामाने. एवढा खटाटोप हाताने करता येत नाही असे नाही. पण लांबी एका अंकाने जरी चुकली तरी पुढील सर्व संभाषण विस्कटते. लायब्ररी वापरावयाची ती याचसाठी.

लांबीचे हे आकडे पाहून चौकस वाचक थबकेल. 'वाळपई' या शब्दात आपण चार अक्षरे मोजतो. मग १५ कोठून आले? संगणक हा शब्द व, काना, ळ, प, ई अशा पाच चिन्हांनी लिहितो आणि यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. म्हणून पाच त्रिक पंधरा. 'तालुका' व 'सत्तरी' यांची प्रत्येकी सहा चिन्हे, म्हणजे अठरा अधिक अठरा, आणि मधल्या अपूर्णविरामाचा एक बाइट, असे ३७. रेडिस अक्षरे जाणत नाही, केवळ बाइट जाणते. परत आलेले मूल्य लायब्ररी बाइटांच्याच रूपात आपल्या हाती देते. जोडणी करतेवेळी 'डीकोड रिस्पॉन्सेस' हा पर्याय 'होय' असा ठेवला तरच त्याची वाचनीय मराठी होते. नवशिक्याने पहिल्याच दिवशी 'वाळपई'च्या जागी आडव्या-तिडव्या रेघा आणि आकडे पाहिले, तर विदागार बिघडले असे समजू नये. बहुधा हा पर्याय द्यावयाचा राहिलेला असतो.

मराठी माणसापुढे येथे आणखी एक संकट उभे राहते. इंग्रजीतील मार्गदर्शिकांत त्याचा उल्लेख सहसा सापडत नाही. 'वऱ्हाड' हा शब्द घ्यावा. त्यातील अर्धा र दोन तऱ्हांनी टंकित होतो. काही कळफलक ऱ हे स्वतंत्र चिन्ह व त्यास हलन्त देतात. काही साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांस न दिसणारे एक जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात. बाइट मोजले तर पहिल्याचे १८ आणि दुसऱ्याचे २१ भरतात! म्हणजे एका टेबलावर टंकलेल्या किल्लीने ठेवलेली माहिती दुसऱ्या टेबलावर टंकलेल्या त्याच किल्लीने मागितली तर 'अशी नोंद नाही' असे उत्तर येणार, आणि समोर उभ्या असलेल्या नागरिकास आपण तेच सांगणार. युनिकोडचे जे नेहमीचे प्रमाणीकरण आहे त्याने हा अदृश्य जोडचिन्हाचा भेद मिटत नाही. तेव्हा किल्लीसाठी मराठी नावे वापरावयाचीच असतील तर आज्ञावलीने ती एकाच रूपात आणून मगच लायब्ररीकडे सोपवावीत. प्रस्तुत लेखकाचे मत विचाराल तर किल्लीत तालुक्याचा सांकेतिक अंक ठेवावा आणि मराठी नाव मूल्यात सुखाने नांदू द्यावे. हे लिहिताना थोडे वाईट वाटते, पण व्यवहार तसा आहे.

अंकांचीही अशीच कथा. 'अर्ज:१२५' ही किल्ली देवनागरी अंकांत लिहिली आणि कोणी ती इंग्रजी अंकांत मागितली तर ती सापडणार नाही. मूल्यात देवनागरी '१२' ठेवून त्यात एक मिळव असे रेडिसला सांगितले तर 'हा पूर्णांक नव्हे' अशी तक्रार येते. गंमत अशी की पायथन भाषा स्वतः देवनागरी अंक ओळखते. म्हणून मराठी अंकांचे रूपांतर पायथनमध्येच पूर्णांकात करून तो पूर्णांक लायब्ररीच्या हाती द्यावा.

प्रत्यक्ष जोडणी दोन-तीन ओळींत होते. लायब्ररी यंत्रावर बसवावी, आज्ञावलीच्या आरंभी तिचे नाव घ्यावे, आणि सर्व्हरचा पत्ता व द्वारक्रमांक देऊन जोडणीची एक वस्तू निर्माण करावी. रेडिसचा प्रघातातील द्वारक्रमांक ६३७९ आहे. येथे एक फसगत संभवते. वस्तू निर्माण झाली म्हणजे जोडणी झाली असे नाही. पत्ता साफ चुकीचा असला तरी ही ओळ निमूटपणे पार पडते आणि पहिली आज्ञा धाडीपर्यंत चूक उघड होत नाही. म्हणून लागलीच 'पिंग' ही आज्ञा देऊन पाहावी. तिचे 'पाँग' हे उत्तर सर्व्हरकडून आले की समोर कोणी आहे अशी खात्री पटते. तसेच उत्तराची वाट किती सेकंद पाहावयाची ती मर्यादा स्पष्टपणे द्यावी. अन्यथा सर्व्हर मूक झाल्यास आज्ञावली तिष्ठत राहते आणि खिडकीपुढची रांग वाढत जाते. दर आज्ञेस नवी जोडणी उघडण्याची मात्र आवश्यकता नाही. लायब्ररी उघडलेल्या जोडण्या राखून ठेवते व पुनःपुन्हा वापरते.

आता ज्या प्रसंगामुळे या अभ्यासास प्रवृत्त झालो तो सांगतो. एका कार्यालयात अर्ज स्वीकारण्यासाठी दोन खिडक्या उघडल्या होत्या आणि पावतीचा क्रमांक संगणक देत असे. आज्ञावलीची रीत अशी : 'गेट' आज्ञेने शेवटचा क्रमांक वाचावयाचा, त्यात एक मिळवावयाचा, 'सेट' आज्ञेने परत ठेवावयाचा. सकाळची गर्दी होती. दोन्ही खिडक्यांनी जवळजवळ एकाच क्षणी ४११ वाचले, दोघांनी ४१२ केले, दोघांनी ते परत ठेवले. दोन अनोळखी माणसे एकच क्रमांक घेऊन घरी गेली. त्यांपैकी एका वृद्ध बाईंचे कागद दुसऱ्याच्या नस्तीत बांधले गेले आणि त्यांना आपला अर्ज पोचलाच नाही असे तीन खेपांस ऐकावे लागले. दोष कोणा कारकुनाचा नव्हता. वाचणे आणि लिहिणे या दोहोंमध्ये जी फट राहिली होती तिचा होता.

रेडिसमध्ये याच्यासाठी 'इन्कर' ही एकच आज्ञा आहे. वाचणे, एक मिळविणे, ठेवणे आणि नवा अंक कळविणे ही चारही कामे ती एका दमात करते. आणि आज्ञा एकामागून एक पार पडत असल्यामुळे दोन खिडक्यांस तोच अंक मिळणे शक्य नाही. किल्ली अस्तित्वात नसेल तर ती शून्य धरून पहिल्या आज्ञेस १ हे उत्तर देते. आज्ञावलीतील तीन ओळी जाऊन एक राहते.

तरीही दोन गोष्टी सांगणे भाग आहे. 'इन्कर' पाठविल्यावर उत्तर येण्यापूर्वीच तार तुटली तर अंक वाढला की नाही हे आपणांस कळत नाही. लायब्ररीस पुनःप्रयत्नाची मुभा दिलेली असल्यास ती आज्ञा पुन्हा धाडते आणि मधला एखादा क्रमांक गळतो. गळलेला क्रमांक लेखापरीक्षकास खटकेल, पण त्याने नागरिकाचे नुकसान होत नाही, तो सोसावा. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. रेडिसची माहिती स्मृतीत असते. ती चकतीवर उतरविण्याच्या दोन रीती आहेत : ठरावीक अंतराने संपूर्ण प्रतिमा काढणे, किंवा प्रत्येक फेरफार एका धारिकेच्या शेवटी लिहीत जाणे. दुसऱ्या रीतीतही नेहमीची मांडणी दर सेकंदास एकदा पक्की नोंद करण्याची असल्याने वीज गेल्यास सुमारे एका सेकंदाचे लेखन गमावू शकते. त्या सेकंदात पावती छापली गेली असेल, तर यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर तोच क्रमांक दुसऱ्यास मिळेल आणि त्या बाईंची कहाणी पुन्हा घडेल. यासाठी प्रत्येक लेखनानंतर पक्की नोंद करण्याचा पर्याय निवडावा, वेग थोडा मंदावला तरी चालेल. शिवाय अर्जांची मूळ नोंदवही तक्तेवजा विदागारातच ठेवून क्रमांक दुबार येऊ नये असा निर्बंध तेथेही घालावा. रेडिस हे टेबलावरचे टिपण आहे, दप्तरखाना नव्हे, असे मी तरी मानतो.

ज्या माहितीस मुदत असते तिच्यासाठी मात्र ते फारच सोयीचे. भ्रमणध्वनीवर पाठविलेला परवलीचा अंक पाच मिनिटांनी बाद व्हावा असे वाटल्यास 'सेट' करतानाच ३०० सेकंदांची मुदत जोडावी. वेळ भरताच किल्ली आपोआप नाहीशी होते. त्याच किल्लीवर पुन्हा साधे 'सेट' केले की जुनी मुदत पुसली जाते आणि तात्पुरती नोंद कायमची होऊन बसते, ही खोड लक्षात असू द्यावी. नसलेली किल्ली मागितल्यास लायब्ररी पायथनचे 'नन' हे मूल्य देते. 'नन' म्हणजे नोंदच नाही, आणि रिकामे मूल्य म्हणजे नोंद आहे पण कोरी. आज्ञावलीने या दोहोंस एकच समजता कामा नये.

सुरक्षिततेविषयी थोडे. परवलीचा शब्द न ठेवता हे विदागार जगासाठी खुले सोडण्याचे प्रकार इतके घडले की २०१६ सालच्या ३.२ या आवृत्तीपासून, मांडणी न केलेले रेडिस स्वतःच्या यंत्राखेरीज इतरांस उत्तर देत नाही. २०२० सालच्या ६.० या आवृत्तीपासून प्रत्येक वापरकर्त्यास ठरावीक आज्ञांपुरतेच अधिकार देता येतात. पावती देणाऱ्या खिडकीस 'इन्कर' पुरेसे आहे. सर्व माहिती पुसून टाकणारी 'फ्लशऑल' ही आज्ञा तिच्या हाती असण्याचे कारण नाही.

खरेदी व परवाना पाहणाऱ्या शाखेसाठी एक नोंद : मार्च २०२४ मध्ये रेडिसचा मुक्त परवाना बदलण्यात आला. त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनच्या आश्रयाने 'व्हॅल्की' ही त्याची मुक्त शाखा निघाली. पुढे २०२५ साली रेडिसच्या आठव्या आवृत्तीस एक मुक्त परवाना पर्याय म्हणून पुन्हा जोडण्यात आला. दोहोंची तारेवरची मूळ भाषा एकच असल्याने, या लेखात वर्णिलेल्या आज्ञा व्हॅल्कीपुढेही तशाच चालतात.

क्रमांकाच्या किल्लीत वर्ष घालावे, 'जावक:२०२६' याप्रमाणे. नवे वर्ष लागताच आज्ञावली नवी किल्ली मागते, 'इन्कर' तिला शून्य धरते आणि पहिल्या कागदावर १ हा अंक आपोआप पडतो. मध्यरात्री कोणास कार्यालयात येऊन मोजणी शून्यावर आणावी लागत नाही.