हॉर्लिक्सच्या नावाचा ज्वालामुखी

हॉर्लिक्सची बाटली आपल्या हॉस्टेलमध्ये कुठल्या ना कुठल्या रूमवर सापडतेच. पण अंटार्क्टिकातल्या सर्वात उंच ज्वालामुखीचं नाव याच घराण्यातून आलंय, हे मला अलीकडेच वाचताना कळलं. १९३४ साली ॲडमिरल रिचर्ड बर्ड यांना विमानातून हा डोंगर दिसला. मोहिमेला विल्यम हॉर्लिक यांची मदत होती, म्हणून त्यांच्या मुलीच्या नावावरून त्याला 'माउंट सिडली' म्हणू लागले.

उंची सव्वाचार हजार मीटरच्या आसपास. पण त्यातला निम्मा भागच बर्फावर दिसतो. माथ्यावर ५ किलोमीटर रुंदीचं विवर आहे. हा मेरी बर्ड लँडचा प्रदेश इतका दूर की त्यावर कुठल्याही देशाने हक्क सांगितलेला नाही! पहिला माणूस शिखरावर पोचला तोच १९९० साली. आपल्या कोलकात्याचे सत्यरूप सिद्धांत २०१९ मध्ये तिथे जाऊन आले.

आता मुख्य मुद्दा. सिडली स्वतः सुमारे ४० लाख वर्षं शांत आहे. तो ज्या रांगेत आहे तिथले ज्वालामुखी उत्तरेकडून दक्षिणेकडे वयाने लहान होत जातात. म्हणजे खालची उष्णता दक्षिणेकडे सरकतेय. मग पुढचा नंबर कुठे?

याचं उत्तर सिस्मोमीटरने दिलं. बर्फाखालची जमीन अभ्यासायला ही यंत्रं तिथे बसवली होती. २०१० आणि २०११ मध्ये सिडलीच्या दक्षिणेला सुमारे ५५ किलोमीटरवर छोट्या भूकंपांचे दोन झुबके नोंदले गेले. बर्फ हलल्यामुळे असेल? नाही, कारण धक्के २५ ते ४० किलोमीटर खोलवरचे होते. मग खडक तुटल्यामुळे? तेही पटत नाही, कारण साध्या भूकंपापेक्षा यांची फ्रिक्वेन्सी बरीच कमी, २ ते ४ हर्ट्झ. असे धक्के बहुधा मॅग्मा सरकताना बसतात. रडारला त्या भागातल्या बर्फात राखेचा थरही दिसला, सुमारे ८ हजार वर्षांपूर्वीचा. २०१३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं.

तिथे उद्रेक झाला तरी किलोमीटरभर जाडीचा बर्फ फोडून लाव्हा वर येणं कठीण. पण बर्फाचा तळ वितळला तर ते पाणी वंगणासारखं काम करेल आणि त्या भागातला बर्फ समुद्राकडे जास्त वेगाने घसरू लागेल. म्हणूनच या धक्क्यांकडे लक्ष ठेवावं लागतं.

'सुप्त' म्हणजे स्विच ऑफ नव्हे, स्टँडबाय! आणि एक गोष्ट आपल्यासाठी: हे धक्के ओळखणारी ॲमांडा लॉ तेव्हा पीएच.डी.ची विद्यार्थिनी होती. तेव्हा लॅबमध्ये रीडिंग विचित्र आलं तर लगेच खोडू नका. आधी ते का आलं ते शोधा.