अंबाझरीचा पाऊस कोणत्या तारखेचा?

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर सहजी विसरणार नाहीत. काही तासांतच १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. समजा, तुमच्या शाळेत स्वयंचलित पर्जन्यमापक आहे व त्याच्या नोंदी संगणकाच्या डेटाबेसमध्ये साठतात. तुम्ही विचारले, '२२ ते २३ सप्टेंबरच्या नोंदी दाखव.' उत्तरात पहाटेचा पाऊस नाहीच! पर्जन्यमापक बिघडला काय?

नाही. नुसती तारीख दिली की संगणक सहसा त्या दिवसाचे ००:०० वाजले असे धरतो. म्हणजे २३ तारीख सुरू होताच तुमचा प्रश्न संपला. तेव्हा '२२ च्या ००:०० पासून २४ च्या ००:०० च्या आधीपर्यंत' असे विचारावे. काही जण '२३ च्या २३:५९ पर्यंत' लिहितात. त्यांचे शेवटचे मिनिट हुकते.

आता दुसरी गंमत पाहा. पुष्कळ यंत्रे जागतिक प्रमाणवेळेत नोंद करतात. आपली वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, ८२.५ ला १५ ने भागा. साडेपाच तास आले ना? मग २३ तारखेच्या पहाटे २ वाजताची सर तेथे २२ तारखेच्या २०:३० ला नोंदली जाते. पाऊस तोच, तारीख मात्र आदली. म्हणून आधी नोंदीत साडेपाच तास मिळवावे आणि मगच तारीख वेगळी काढावी. हा क्रम उलटला की घोटाळा कायम राहतो.

हवामान खात्याच्या आकड्याशी ताळा घेताना आणखी जपायला हवे. खाते २४ तासांचा पाऊस सकाळी ८:३० ला मोजते. जागतिक वेळेत ते ०३:०० होतात. त्यामुळे २२ तारखेला सकाळी ९ वाजता पडलेला पाऊसही २३ च्या आकड्यात येतो. येथे मध्यरात्रीपासून बेरीज करून चालणार नाही.

तारीख मजकूर म्हणून साठवली असेल तर संगणक ती शब्दकोशाप्रमाणे डावीकडून अक्षरशः लावतो. '०३-१०-२०२३' हे '२३-०९-२०२३' च्या आधी येते, कारण शून्य दोनाहून लहान! शिवाय ०३-१० म्हणजे आपल्याकडे ३ ऑक्टोबर, तर अमेरिकेत १० मार्च. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असे '२०२३-०९-२३' लिहिले की दोन्ही अडचणी मिटतात. १९८८ साली निघालेल्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकात हीच पद्धत आहे. मात्र ही तारीख अवतरणचिन्हांत घालायला विसरू नका. नाहीतर काही डेटाबेस ती वजाबाकी समजून २०२३ मधून ९ व २३ वजा करतात आणि १९९१ हाती येते.

करून पाहा : १ जानेवारी २०२४ रोजी पहाटे ५:१५ ला नागपुरात घेतलेली तापमानाची नोंद जागतिक वेळेत कोणत्या वर्षात जाईल?