मोतीबिंदु व डोळ्यांत बसविण्याचें भिंग



यंदा नववीच्या वर्गांत डोळ्याचा पाठ शिकवितांना मीं सहज विचारलें, "तुमच्यापैकीं कितीजणांच्या घरीं आजी-आजोबांना अंधुक दिसतें?" निम्म्याहून अधिक हात वर झाले. "मग त्यांना डॉक्टरांकडे नेलें काय?" या दुसऱ्या प्रश्नाला मात्र बहुतेकांचें एकच उत्तर आलें, "सर, मोतीबिंदु अजून पिकला नाहीं." हें उत्तर मुलांचें नव्हे, तें घरांतील वडील माणसांच्या तोंडचें आहे. तें ऐकून मला एक जुनी गोष्ट आठवली व मन उदास झालें. ती गोष्ट पुढें सांगेन. आधीं हें "पिकणें" म्हणजे काय, तो सल्ला पूर्वीं कां योग्य होता व आतां कां घातक झाला आहे, हें क्रमानें पाहूं.

आपला डोळा म्हणजे सुमारे २४ मिलिमीटर व्यासाचा एक गोल आहे. पुढें पारदर्शक पारपटल, त्याच्या मागें परितारिका, तिच्या मध्यभागीं बाहुलीचें छिद्र, छिद्रामागें भिंग आणि अगदीं पाठीमागें दृष्टिपटल, अशी त्याची रचना आहे. भिंगाची शक्ति डायॉप्टर या एककांत मोजतात. व्यवहारांत आपण त्यालाच "नंबर" म्हणतों. ज्या बहिर्गोल भिंगानें सूर्याचे किरण १ मीटरवर एकत्र येतात तें १ नंबरचें, अर्ध्या मीटरवर येतात तें २ नंबरचें. या हिशेबानें निरोगी डोळ्याची एकंदर शक्ति सुमारे ६० आहे. तींपैकीं सुमारे ४३ पारपटलाची व उरलेली भिंगाची. हें भिंग मसुरीच्या दाण्याच्या घाटाचें, परंतु त्याहून मोठें, म्हणजे सुमारे ९ ते १० मि.मी. रुंद व ४ मि.मी. जाड असून तें एका पातळ, पारदर्शक पिशवींत ठेविलेलें असतें.

तारुण्यांत हें भिंग निर्मळ असतें. वय वाढलें म्हणजे त्यांतील प्रथिनांत फरक पडतो आणि तें गढूळ होऊं लागतें. अंड्यांतील पाण्यासारखा स्वच्छ द्रव तापविल्यावर पांढरा होतो, हें आपण स्वयंपाकघरांत पाहतों; कांहींसा तसाच हा बदल समजा. यालाच मोतीबिंदु म्हणतात. तो म्हणजे डोळ्यावर बाहेरून आलेला पडदा नव्हे, तर आंतील भिंगच धुरकटलेलें असतें. म्हणून कोणत्याही अंजनानें किंवा थेंबांनीं तो विरघळत नाहीं. मधुमेह, डोळ्यास लागलेला मार व कांहीं औषधें यांमुळें तो लवकर येतो. क्वचित् तान्ह्या मुलांनाही असतो. त्यावर उपाय एकच, तें गढूळ भिंग वाटेंतून दूर करणें.

हा उपाय आपल्या देशांत फार प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेंत मोतीबिंदूवरील शस्त्रकर्माचें वर्णन आहे. पुढें शतकानुशतकें जी रीत चालली, तींत डोळ्यांत सुई घालून भिंग दृष्टीच्या वाटेंतून आंत खालीं ढकलून देत. भिंग डोळ्यांतच राही व पुष्कळदां पुढें डोळा बिघडे. छेद घेऊन गढूळ भिंग बाहेर काढण्याची नवी रीत फ्रान्समधील जॅक दाविएल यांनीं १७४७ सालीं सुरू केली.

आपल्या भागांत ही नवी शस्त्रविद्या लोकांच्या दारीं आणण्याचें मोठें श्रेय डॉ. विल्यम वॉनलेस यांना आहे. कॅनडांत जन्मलेले हे मिशनरी वैद्य १८८९ सालीं भारतांत आले, आणि १८९४ सालीं मिरजेंत त्यांचें इस्पितळ उघडलें. मोतीबिंदूच्या शस्त्रकर्माविषयीं त्यांची ख्याति दूरवर पसरली. मिरज हें आगगाडीचें जंक्शन; तेव्हां सातारा, कोल्हापूर व कर्नाटक या सर्व बाजूंनीं, कोणाचा तरी हात धरून, आंधळीं माणसें तेथें येत. १९२८ सालीं त्यांना "सर" ही पदवी मिळाली.

त्या काळीं डॉक्टर स्वतःच सांगत कीं, मोतीबिंदु पिकूं द्या. त्यास दोन सबळ कारणें होतीं. एक तर कच्च्या मोतीबिंदूचा मऊ, चिकट भाग काढतांना आंत राहून जाई व त्यानें डोळा सुजे. पक्का झालेला मोतीबिंदु स्वच्छ निघे. दुसरें असें कीं, भिंग काढल्यावर त्याच्या जागीं ठेवावयास कांहींच नव्हतें. ज्याला थोडेंफार दिसत आहे त्याचें भिंग काढून त्याला जाड चष्म्याच्या स्वाधीन करणें हा तोट्याचा व्यवहार होता. म्हणून माणूस जवळजवळ आंधळा होईपर्यंत थांबत. येणेंप्रमाणें हा सल्ला शहाणपणाचा होता, परंतु तो त्या काळाच्या साधनांना धरून होता.

तो जाड चष्मा मीं स्वतः पाहिला आहे. वाईजवळच्या आमच्या गांवीं माझ्या आजीचा मोतीबिंदु काढला, तेव्हां मी तिसरींत होतों. डोळ्यांतील भिंग गेलें म्हणून तिला सुमारे १० नंबरचा बहिर्गोल चष्मा मिळाला. तो सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा दिसे. अशा चष्म्यांतून वस्तु सुमारे पावपट मोठ्या व म्हणून जवळ भासतात. आजी चहा ओती तो कपाच्या अलीकडे पडे, आणि पायरी उतरतांना तिचें पाऊल चुके. समोरचें तेवढें दिसे; बाजूनें आलेली म्हैस एकदम अंगावर आल्यासारखी वाटे. एकदां जत्रेंत चष्मा फुटला. नवा येईपर्यंत ती ओट्यावर बसून राही आणि पावलांच्या आवाजावरून आम्हां मुलांना ओळखी. शस्त्रकर्म यशस्वी झालें होतें, तरी तिची दृष्टि एका कांचेच्या तुकड्यावर टांगलेली होती.

ही उणीव भरून काढण्याची कल्पना एका युद्धांतून निघाली. १९४० सालीं इंग्लंडवरील हवाई लढाईंत गॉर्डन क्लीव्हर नांवाच्या वैमानिकाच्या विमानाची खिडकी फुटून तिचे कण त्याच्या डोळ्यांत शिरले. ती खिडकी पर्स्पेक्स नांवाच्या पारदर्शक, कृत्रिम द्रव्याची होती. डोळ्यांत कांहीं बाहेरचें गेलें म्हणजे डोळा चिडतो, हा सर्वांचा अनुभव. परंतु हॅरॉल्ड रिडली या नेत्रवैद्यांच्या लक्षांत आलें कीं, हे कण वर्षानुवर्षें आंत राहूनही डोळा शांत आहे. तर मग याच द्रव्याचें भिंग करून तें डोळ्यांत कां बसवूं नये? ज्या १९४९ सालीं आपल्या जुन्या सातारा जिल्ह्यांतून दक्षिण सातारा, म्हणजे आजचा सांगली जिल्हा, वेगळा निघाला, त्याच वर्षीं २९ नोव्हेंबर रोजीं लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळांत रिडली यांनीं एका ४५ वर्षांच्या स्त्रीच्या डोळ्यांत पहिलें कृत्रिम भिंग ठेविलें.

भिंग डोळ्यानें सोसलें, पण माप चुकलें. त्या बाईंना ऋण १८ नंबरच्या घरांत लघुदृष्टि आली. कारण पर्स्पेक्स हें नैसर्गिक भिंगापेक्षां प्रकाश अधिक वाकवितें. अनेक नामांकित नेत्रवैद्यांनीं या प्रयोगाचा निषेध केला. रिडली यांनीं धीर सोडला नाहीं, आणि पुढें इतरांनीं भिंगाचा आकार, वजन व माप सुधारलें. रिडली यांना २००० सालीं "सर" ही पदवी मिळाली. त्यांच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत म्हातारपणीं अशींच भिंगें बसविलीं होतीं.

मापाचें गणित तुमच्या आवांक्यांतील आहे. १९८० च्या सुमारास प्रचारांत आलेलें एक सूत्र असें: भिंगाचा स्थिरांक घ्यावा, त्यांतून डोळ्याच्या मिलिमीटरमधील लांबीची अडीचपट वजा करावी, मग पारपटलाच्या शक्तीची ०.९ पट वजा करावी. स्थिरांक ११८, लांबी २४ व पारपटलाची शक्ति ४४ असेल, तर ११८ − ६० − ३९.६ = १८.४ नंबरचें भिंग हवें. आतां लांबी २४ ऐवजीं २३ धरून पाहा, उत्तर २०.९ येईल. मोजण्यांत एका मिलिमीटरची चूक झाली, तर अडीच नंबरांचा फरक पडतो! हल्लीं याहून सूक्ष्म सूत्रें वापरतात, परंतु शस्त्रकर्मापूर्वीं डोळ्याचें माप इतक्या काळजीनें कां घेतात, हें यावरून कळेल.

शस्त्रकर्मही आतां पालटलें आहे. चार्ल्स केलमन या अमेरिकन डॉक्टरांनीं १९६७ सालीं ध्वनीच्या अतिसूक्ष्म कंपनांनीं भिंग आंतल्या आंत फोडून शोषून घेण्याची युक्ति काढली. या रीतींत छेद २ ते ३ मि.मी. पुरतो, भिंगाची पिशवी जागेवर राहते, आणि तींत घडी घातलेलें कृत्रिम भिंग सोडलें म्हणजे तें आपोआप उलगडतें. दुसऱ्या एका रीतींत ६ ते ७ मि.मी.चा तिरपा छेद घेतात. तो टांका न घालतां मिटतो व खर्चही कमी येतो. दोन्हींत डोळा बधिर करतात, आणि रोगी बहुधा त्याच दिवशीं घरीं जातो. भिंगाची किंमतही आटोक्यांत आली आहे. मदुरेच्या अरविंद नेत्ररुग्णालयाशीं संबंधित ऑरोलॅब या संस्थेनें १९९२ सालापासून हीं भिंगें आपल्या देशांत करून परदेशी भिंगांच्या कितीतरी कमी किमतींत दिलीं. सरकारी योजनेखालीं मोतीबिंदूचें शस्त्रकर्म भिंगासह विनामूल्य होतें.

मग अडतें कोठें? आतां ती गोष्ट सांगतों. जत तालुक्यांतील माझ्या काकूंना उजव्या डोळ्यानें दिसेनासें झालें होतें. त्यांनीं मला विचारलें, "तूं शिकलेला आहेस, बाबा, डोळा दाखवूं काय?" आजीच्या वेळचें ऐकलेलें माझ्या मनांत होतें. मी म्हणालों, "काकू, पिकूं द्या, घाई कशाला?" मग पेरणी आली, मग मुलीचें लग्न आलें. तिसऱ्या वर्षीं एका रात्रीं त्यांचें कपाळ ठणकूं लागलें, डोळा लाल झाला, उलट्या झाल्या. घरच्यांनीं पित्त समजून दोन दिवस काढले. इस्पितळांत नेल्यावर कळलें कीं, अति पिकलेलें भिंग फुगून डोळ्यांतील पाण्याची वाट बंद झाली होती, आणि वाढलेल्या दाबानें दृष्टीची नस मेली होती. डॉक्टरांनीं भिंग काढून वेदना थांबविल्या, पण त्या डोळ्यांत उजेड पुन्हा आला नाहीं. काकूंनीं मला एका शब्दानेंही बोल लाविला नाहीं. तेंच मला अधिक लागतें. विज्ञानाचा शिक्षक असून मीं पन्नास वर्षांपूर्वींचें ज्ञान आजचें म्हणून सांगितलें होतें.

म्हणून ध्यानांत ठेवा, मोतीबिंदु पिकण्याची वाट पाहण्याचें आतां कारण उरलें नाहीं. दिसण्यानें रोजच्या कामास अडथळा येऊं लागला, कीं डॉक्टरांस दाखवावें. फार पिकलेलें भिंग कठीण होतें व काढण्यास अवघड जातें. तथापि हें शस्त्रकर्म म्हणजे जादू नव्हे, हेंही सांगितलें पाहिजे. दृष्टिपटल किंवा नस बिघडलेली असेल, तर नवें भिंग घालूनही पूर्ण दिसत नाहीं. क्वचित् जंतुदोष होतो. म्हणून सांगितलेले थेंब नेमानें घालावे, आणि डोळा दुखूं लागल्यास तत्काळ परत जावें. साध्या भिंगानंतर वाचण्यास बहुधा चष्मा लागतोच.

कांहीं पालक विचारतात कीं, आमच्या मुलाचा चष्मा जाड आहे. त्याच्या डोळ्यांत भिंग घालून चष्मा घालवितां येईल काय? असें भिंग आहे. नैसर्गिक भिंग तसेंच ठेवून त्याच्या पुढें, परितारिकेच्या मागें, तें बसवितात. अमेरिकेंत २००५ सालीं त्यास मान्यता मिळाली. परंतु तें शाळकरी मुलांसाठीं नव्हे. सामान्यतः वयाचीं २१ वर्षें पुरीं व्हावीं, नंबर स्थिर झालेला असावा आणि डोळ्याच्या पुढच्या भागांत पुरेशी खोली असावी लागते. शिवाय त्यामुळें डोळ्यांतील दाब वाढण्याचा किंवा लवकर मोतीबिंदु होण्याचा संभव असतो. म्हणून मुलांनो, तुमच्या वयास चष्मा हाच उत्तम उपाय होय. तो लाजून दप्तरांत ठेवूं नका.

आतां या सुटीचा अभ्यास. घरांतील वडील माणसांना उजेडांत बसवा. त्यांचा चष्मा असल्यास तो घालूं द्या. एक डोळा तळव्यानें झांकावयास सांगून, सहा मीटर म्हणजे सुमारे वीस फुटांवरून तुमचीं बोटें मोजावयास सांगा. मग दुसऱ्या डोळ्यानें तेंच करा. एक डोळा चांगला असला म्हणजे दुसऱ्याची हानि पुष्कळदां कळतच नाहीं. बोटें चुकलीं, तर त्यांना आपल्या जिल्ह्याच्या इस्पितळांत किंवा जवळच्या नेत्रशिबिरांत घेऊन जा. आणि कोणी म्हणालें कीं, "अजून पिकला नाहीं," तर त्यांना नम्रपणें सांगा, "आजी, तो काळ गेला. उद्यां सकाळच्या एस.टी.नें आपण जाऊं. मी बरोबर येतों."