तीस सेंटिमीटर पाण्याची करामत

कॅनडातील ओंटारिओ प्रांतात ओटोनाबी नावाची नदी आहे. पीटरबरो गावाजवळ ती खळाळत उताराने खाली येते. अशा पात्रातून होडी वर नेणे कठीण. म्हणून नदीला समांतर कालवा खणलेला आहे. ट्रेंट-सेव्हर्न या ३८६ किलोमीटर लांबीच्या जलमार्गाचा हा एक तुकडा. गावातील लिटल लेक या तळ्याच्या काठी कनू होड्यांचे संग्रहालय आहे. २०२४ मध्ये ते या नव्या जागी आले. तेही पाहावे, पण तळ्यापासून कालव्याच्या काठाने थोडे पुढे गेल्यावर जे दिसते, ते पाहिल्यावाचून परतू नये.

तेथे होड्यांचा पाळणा आहे. एरवी कालव्यात होडी वर चढवायला जलपाश बांधतात. दोन दारांमधल्या कोंडीत पाणी भरले की होडी काही मीटर वर येते. पण येथे एकदम सुमारे २० मीटर चढायचे आहे. त्यासाठी ४३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असे पाण्याने भरलेले दोन हौद शेजारी शेजारी बसवले आहेत. प्रत्येक हौद २.३ मीटर व्यासाच्या एकेका उभ्या दट्ट्यावर उभा आहे. दट्ट्या जमिनीतील पाणी भरलेल्या नळकांड्यात बसतो आणि दोन्ही नळकांडी एका नळाने जोडलेली आहेत. नळावर झडप आहे. एक हौद वर असतो तेव्हा दुसरा खाली. पुस्तकातले ब्रामाचे दाबयंत्र आठवा. फरक एवढाच की येथे दोन्ही दट्टे सारख्याच मापाचे आहेत.

हौद उचलायला इंजिन नाही. वरचा हौद वरच्या कालव्याच्या पातळीपेक्षा जरा खाली थांबवतात. दार उघडले की त्यात सुमारे ३० सेंटिमीटर जास्त पाणी शिरते. दारे लावून झडप उघडली की जड झालेला हौद खाली येतो आणि त्याच्या दट्ट्याने ढकललेले पाणी दुसऱ्या हौदाला वर उचलते. खाली पोचल्यावर जादा पाणी खालच्या कालव्यात निघून जाते.

मग होडीच्या वजनाचे काय? मोठी होडी आत आली तर हौद जड होणार नाही का? नाही. तरंगणारी होडी आपल्या वजनाइतकेच पाणी बाजूला सारते आणि ते पाणी उघड्या दारातून कालव्यात जाते. पातळी तीच, म्हणून वजनही तेच. आर्किमिडीजचे तत्त्व इतक्या मोठ्या मापावर क्वचितच पाहायला मिळते.

आता खरा प्रश्न. ३० सेंटिमीटरच का? वर्गात विचारले की ‘एक बादली जास्त ओतली तरी पुरे’ असे उत्तर हमखास येते. घर्षण सोडले तर मीही पूर्वी तेच बरोबर मानत असे. ते चूक आहे.

दोन्ही हौद सारख्या वजनाचे असते आणि झडप उघडी असती, तर ते कोठे थांबले असते? यू आकाराच्या नळीतील पाण्याप्रमाणे एकाच पातळीवर, म्हणजे मध्यावर! त्याखाली एक हौद न्यायचा, तर त्याच्या दट्ट्याच्या तळावर दुसऱ्यापेक्षा जास्त उंचीच्या पाण्याचा दाब येतो. प्रवासाच्या शेवटी हा फरक २० मीटरचा असतो. दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ४.१५ चौरस मीटर. ४.१५ × २० = ८३ घनमीटर, म्हणजे ८३ मेट्रिक टन पाण्याचे वजन विरोध करत असते. हौदाचे क्षेत्रफळ ४३० चौरस मीटर; म्हणून किमान ८३ ÷ ४३० = ०.१९ मीटर, म्हणजे १९ सेंटिमीटर पाणी जास्त हवेच. दहाच सेंटिमीटर घेतले, तर हौद तळापासून सुमारे ५ मीटर वर अडकून राहील.

तीस सेंटिमीटरचे वजन होते १२९ टन. शेवटी ४६ टन उरतात, ते घर्षणावर मात करायला. सुरुवातीला मात्र तोच २० मीटरचा फरक मदत करतो आणि ढकलणारे बल १२९ + ८३ = २१२ टन वजनाइतके होते. म्हणून वेग आवरायला झडप हवी.

रिचर्ड बर्डसॉल रॉजर्स या अभियंत्याने युरोपातील असे पाळणे पाहून हा आराखडा केला. ९ जुलै १९०४ रोजी पाळणा सुरू झाला. त्याचे प्रचंड बुरूज लोखंडी सळ्या न घातलेल्या काँक्रीटचे आहेत. दोनच वर्षांनी कामावर ठपका ठेवणारा चौकशी अहवाल आला आणि रॉजर्सला नोकरी सोडावी लागली. पुढे तो ठपका दूर झाला. पाळणा तर आजही चालू आहे. जायचे असेल तर उन्हाळ्यात जा. हिवाळ्यात कालवा गोठतो.

याच जलमार्गावर कर्कफील्ड येथे १५ मीटर चढाचा दुसरा पाळणा १९०७ मध्ये सुरू झाला. हौद आणि दट्टे याच मापाचे मानले, तर तेथे किमान किती सेंटिमीटर पाणी जास्त लागेल?