पाना एकाच्याच हाती नको

चि. बायो हिस,


तुझं पत्र पोचलं. पोराच्या नडगीचं हाड आज ४ सेंटीमीटरने आखूड आहे, रिंग लावून ते वाढवता येईल असं डॉक्टर म्हणतात, आणि तेवढे महिने सगळं सोडून त्याच्या उशाशी बसायचं तू ठरवून टाकलंयस. दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाही, असंही लिहिलंयस. घरातले तुझं कौतुकच करतील. आपल्याकडे आईने स्वतःला झिजवलं तर कुणी हरकत घेत नाही, उलट बाकीच्यांची सोय होते. मी मात्र हरकत घ्यायलाच बसले आहे. उपचार करू नका असं माझं म्हणणं नाही. पण या उपचाराची घडणच अशी आहे की तो एका माणसावर सोडला तर बिघडण्याचा संभव वाढतो, आणि ते माणूस आई असलं तरी त्यात फरक पडत नाही.

आधी आकडे नीट बघ. जन्मतः आखूड असलेलं हाड दुसऱ्या पायाच्या मानाने साधारण त्याच प्रमाणात आखूड राहतं. म्हणजे दहा वर्षांच्या मुलातला ४ सेंटीमीटरचा फरक वाढ थांबेपर्यंत सव्वापाचाच्या आसपास जातो. ढोबळ मानाने २ सेंटीमीटरच्या आतला फरक बुटाचा तळ उंच करून निभावतो. २ ते ५ च्या दरम्यान असेल तर योग्य वयात लांब पायाच्या गुडघ्याजवळची वाढीची पट्टी थांबवतात आणि आखूड पायाला बरोबरी करू देतात. त्याहून जास्त असेल तर लांबी वाढवण्याचा विचार होतो. तुमचा मुलगा अगदी सीमेवर आहे, म्हणून मधला मार्ग डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. त्यात ऑपरेशन लहान, शाळा थोडीच बुडते, मात्र एकूण उंचीतून थोडं जातं. घोट्याची स्थिती कशी आहे यावरही पुष्कळ ठरतं, आणि ते पत्रावरून सांगता येणार नाही. घाई मात्र कशाचीच नाही. उंच तळाच्या बुटावर आणखी वर्ष काढलं तर आभाळ कोसळत नाही. रिंगच लावायची ठरली, तर पुढचं सगळं त्यासाठी.

हाड लांबवायचे प्रयत्न जुने आहेत. १९०५ साली इटलीत बोलोन्याच्या कोदिविल्लांनी हाड कापून पाय जोराने ओढून लांबवल्याचं लिहून ठेवलं आहे. त्या ओढाओढीत शरीराचे हाल फार झाले आणि ती वाट पुढे रुळली नाही. मग १९५० नंतर सैबेरियातल्या कुर्गान भागात गाव्रिईल इलिझारोव्ह यांनी हाडात आरपार तारा घालून त्या गोल कड्यांना ताणून बांधायची रीत बसवली. १९६५ च्या मोटरसायकल अपघातात पाय मोडलेला उंच उडीचा ऑलिम्पिक विजेता वालेरी ब्रूमेल १९६८ मध्ये त्यांच्याकडे गेला, तेव्हा रशियाभर त्यांचं नाव झालं. पश्चिमेकडच्या डॉक्टरांना ही रीत नीट कळायला मात्र १९८१ उजाडलं. महाराष्ट्रातही आता ती नवी राहिलेली नाही. अकोल्यात डॉ. मिलिंद चौधरी यांनी याच कामाला वाहिलेलं केंद्र चालवलं आहे, आणि मुंबई-पुण्यातही हे काम होतं.

मला महत्त्वाचे वाटतात ते इलिझारोव्ह यांनी कुत्र्यांवर केलेले आणि १९८९ मध्ये इंग्रजीत छापून आलेले प्रयोग. कापलेलं हाड दिवसाला अर्धा मिलिमीटर ताणलं तर मधली फट वेळेआधीच जुळून बंद होऊ लागते. २ मिलिमीटर ताणलं तर नवं हाड धड धरत नाही आणि आजूबाजूच्या स्नायू-नसांना इजा होते. १ मिलिमीटरला दोन्ही साधतं. पण त्यांनी पुढे जाऊन असंही दाखवलं की तोच १ मिलिमीटर एका दमात देण्यापेक्षा चार वेळा पाव-पाव दिला तर हाड अधिक चांगलं येतं, आणि यंत्राने साठ बारीक हिश्श्यांत दिला तर त्याहून चांगलं. लांबी तेवढीच आणि दिवसही तेवढेच, फरक फक्त वाटून देण्याचा. यातून दोन गोष्टी निघतात. सकाळी राहिलेला पाव संध्याकाळी अर्धा करून भरून काढता येत नाही. आणि चार दिवस जीव ओतून पाचव्या दिवशी आडवं पडणाऱ्या माणसाचा या कामाला उपयोग नाही.

आता घरचा हिशेब मांड. ऑपरेशननंतर आठवडाभर थांबून कड्यांना जोडणाऱ्या दांड्यांवरचे नट पान्याने फिरवायला सुरुवात होते. दिवसातून चार वेळा, प्रत्येक वेळी सगळ्या दांड्यांवरचे नट. ५ सेंटीमीटरला असे सुमारे पन्नास दिवस झाले की फिरवणं थांबतं, पण रिंग थांबत नाही. नवं हाड पक्कं व्हायला त्याच्या दुपटीहून जास्त काळ जातो. एका सेंटीमीटरमागे महिना ते दीड महिना धरतात, म्हणजे एकूण पाच ते साडेसात महिने. या काळात तुला एकदाही ताप येणार नाही, माहेरी कुणाचं काही होणार नाही, हे तुझं धोरण गृहीत धरतं. कुठलाही शहाणा माणूस असलं गृहीत धरून शेतीसुद्धा करत नाही.

तू म्हणशील, चार हात लागले की घोटाळा होतो. सासूबाईंनी फिरवलं, ते माहीत नसताना दिराने पुन्हा फिरवलं. ही भीती रास्त आहे, पण तिच्यावर इलाज हात कमी करणं नाही, एक वही आहे. तारीख, वेळ, कुठले नट, कुणी फिरवले, खाली सही. कुठली दिशा लांबवण्याची, ती दवाखान्यातच रंगाने खूण करून घ्या. असं सांगतात की कुर्गानमध्ये हाड दाबून धरायचं असताना एका रोग्याने नट उलटे फिरवले आणि फटीत नवं हाड दिसलं, त्यातून लांबवण्याची कल्पना पुढे आली. इलिझारोव्ह यांच्या नशिबात तसली चूक शोध ठरली, आपल्या घरी ती फक्त चूक ठरेल. म्हणून दवाखाना सोडण्याआधी घरातल्या निदान तिघांनी नर्ससमोर नट फिरवून आणि पिनांचं ड्रेसिंग करून दाखवावं, आणि त्या तिघांत तुझा मुलगा एक असावा.

तो दहाच वर्षांचा आहे, हे मला कळतं. ऑपरेशन करायचं की नाही हे त्याच्या एकट्याच्या माथी मारू नका. पण पाय त्याचा आहे, आणि दुपारचा पाव मिलिमीटर शाळेत फिरवायचा आहे. स्वतः फिरवणाऱ्या पोराला पुढचा क्षण कधी येणार हे ठाऊक असतं. दुसऱ्याने फिरवलं की तो दर वेळी वाट बघत अंग आवळून बसतो. त्याला आधी सगळं खरं सांगा. दुखेल, रात्री पाय ठणकेल, लोक बघतील, मध्ये एखादा महिना तुला आमचा सगळ्यांचा राग येईल. रिंग असताना मुलं चिडचिडी आणि उदास होतात, ती निघाल्यावर पुष्कळशी पूर्वीसारखी होतात. ‘शूर आहेस ना, रडायचं नाही’ हे वाक्य घरात बंद करा. हे समजून घेऊनही तो ठाम नको म्हणत असेल तर थांबा. नको असलेला व्यायाम सहा महिने कुणी कुणाकडून करून घेऊ शकत नाही.

आणि खरं काम व्यायामाचंच आहे. हाड वाढतं, पण पोटरीचा स्नायू तितक्या खुशीने वाढत नाही. तो आखडतो आणि टाच वर ओढतो. हाड ५ सेंटीमीटर वाढलं आणि मूल चवड्यावर चालायला लागलं, तर काय मिळवलं? म्हणून पाऊल वर ताणून धरायचं, गुडघा सरळ ठेवून झोपवायचं, रिंगेसकट पायावर भार देऊन चालवायचं, आणि हे सगळं रोज. इथे मी तुला जरा कडू वाटेल असं लिहिते: ताणण्याचा व्यायाम तू करून घेऊ नकोस. तो कळवळला की तुझा हात थांबणार, आणि थांबलेल्या हाताने पोटरी सैल होत नाही. शिवाय ज्या हाताने दुखवायचं त्याच हाताने कुरवाळायचं, हे मुलालाही गोंधळात टाकतं. तो भाग दिराकडे दे. एमआयडीसीत पाळी असली तरी दिवसाची एक वेळ त्याला जमेल, दुसरी सासऱ्यांना. फिजिओने शिकवल्याच्या पुढे कुणी जोर लावायचा नाही, एवढी अट घाल. तू त्या वेळी खोलीबाहेर राहा आणि नंतर आत जा.

मुलाचा बाप मुंबईला, शनिवारी रात्री येणार, त्याच्याकडून काय होणार, असंही तू लिहिलंयस. रविवार अख्खा त्याचा. नट, ड्रेसिंग, अंग पुसणं, सगळं त्याने करायचं. दर दहा-पंधरा दिवसांनी मुंबईला एक्स-रे दाखवायला जावं लागेल, तेव्हा वीर स्टेशनवरून गाडीत बसवून दिल्यावर पुढची धावपळ त्याची. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारावं, हे कामही त्याचंच. ऑपरेशन योजनेत बसलं तरी बुडालेले रोज कुठल्या योजनेत नसतात. तू घरी बसलीस तर तो तोटा सगळा तुझ्या बाजूला जातो, आणि वर्षाने तू मागे वळून बघशील तेव्हा ते कुणाच्या लक्षातही नसेल. चार माणसांनी चार-चार दिवस रजा काढली तर कुणाचीच नोकरी जात नाही.

पिनांविषयी. तारा कातडीतून आत जातात तिथे लाली, पाणी, कधी पू, हे बहुतेकांना एकदा तरी होतं. हाडं लांबवण्याच्या कामातले डॉ. पेली यांनी १९९० मध्ये या उपचारातल्या संकटांचे तीन थर मांडले: ऑपरेशनशिवाय निस्तरणारी, ऑपरेशन करून निस्तरणारी, आणि उपचार संपल्यावरही मागे राहणारी. वेळेवर दाखवलेला पिनेचा जंतुसंसर्ग पहिल्या थरात मोडतो आणि सहसा गोळ्यांनी बरा होतो. दडवून ठेवला तर थर बदलू शकतो. एकच माणूस सगळं करत असेल तर तो स्वतःचं चुकलं असेल या धास्तीने दडवतो, हे माणसाच्या स्वभावातच आहे. दोघांनी बघायची पद्धत असली की दुसरा बोलतो. लाली वाढली, ताप आला, पायाची बोटं सुन्न किंवा निळसर पडली, तर त्याच दिवशी फोन करायचा.

आता मुहूर्त. मे महिन्याच्या सुट्टीत ऑपरेशन उरकलं की शाळा बुडत नाही, हे घरातल्यांचं म्हणणं वरवर सरळ आहे. पण मे अखेरीला रिंग लावली तर नट फिरवण्याचे आणि एक्स-रेच्या फेऱ्यांचे दिवस नेमके जून-जुलैत येतात. २००५ च्या जुलैत दासगावात, जुईत, रोहणला, कोंडिवत्यात दरडी कोसळल्या, २०२१ च्या जुलैत तळिये गेलं आणि महाड पाण्याखाली होतं. हे तुम्हाला मी सांगायला नको. दरड सोड, साध्या पावसातही सावित्री नदी चढली की महाडला जाणं अवघड, मुंबई तर लांबच. शेवाळलेल्या अंगणात कुबडी घसरते आणि ओल्या हवेत पिना कोरड्या राहत नाहीत. नवरात्र उलटल्यावर लावली तर नट फिरवणं डिसेंबरात संपतं आणि सगळं सुरळीत झालं तर मृगाच्या आत रिंग निघते. दुसऱ्या सत्राला झळ बसेल, हे खरं. पण रिंग लावलेलं मूल शाळेत जाऊ शकतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांकडून अशा मुलांची सोय होण्याची अपेक्षा ठेवली आहे. त्या आधारावर तळमजल्यावरचा वर्ग, पाय लांब ठेवायला दुसरा बाक, बसायच्या संडासाची सोय मागा. हेडमास्तरांना आधी भेटून लेखी द्या. हवं तर मी मसुदा करून पाठवते.

कुणी सांगेल की आता हाडाच्या आतून चुंबकाने लांबणारा खिळा निघाला आहे, तो येईपर्यंत थांबा. तो आहे, चांगला आहे, महागही आहे. पण नडगीत तो वरच्या टोकाकडून घालावा लागतो आणि तिथली वाढीची पट्टी तुमच्या मुलात अजून जिवंत आहे. वाढ संपत आल्यावर तो पर्याय खुला होऊ शकतो, हे डॉक्टरांना जरूर विचारा. पण त्यातही घरच्याच माणसाने दिवसातून ठरल्या वेळी यंत्र लावायचं असतं आणि पोटरी तशीच आखडते. तेव्हा मी वर लिहिलेलं काही रद्द होत नाही.

एक गोष्ट बहुतेक घरं विसरतात. रिंग निघाली की सगळे सुटलो म्हणतात, आणि नवं हाड तेव्हाच मोडण्याची भीती असते. त्यानंतर किती आठवडे प्लास्टर किंवा पट्टा, सायकल कधी, कबड्डी कधी, हे तारखेसकट लिहून घ्या. तोवर सगळे थकलेले असतील, म्हणून हा शेवटचा टप्पा कुणाच्या नावावर टाकायचा ते आत्ताच ठरव. तुझ्या नणंदेला तेव्हा सुट्टी असेल, तिला विचार. गणपतीला सगळे चाकरमानी घरी येतील, तेव्हा ओट्यावर बसून पाळ्या वाटून घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून काढा. त्या पानाचा फोटो मला पाठव. त्यात तुझं नाव अर्ध्याहून जास्त ठिकाणी असलं तर मी फोन करून भांडणार आहे.

तुझी
आत्या