अंतर तेच, वेळ मात्र वेगळा

प्रश्न : मुंबई–लंडन विमानप्रवासाचे अंतर कसे मोजतात आणि जाण्यायेण्याच्या वेळांत फरक का पडतो?

उत्तर : दोन विमानतळांमधील अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरील सर्वांत जवळची वाट होय; ही वाट ज्या वर्तुळाचा भाग असते, त्याचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळत असल्याने त्यास 'बृहद्वृत्त' म्हणतात. दोन्ही स्थळांचे अक्षांश-रेखांश आणि पृथ्वीची सरासरी त्रिज्या, म्हणजे ६,३७१ किलोमीटर, घेऊन गणित केल्यास मुंबई–लंडन अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर येते. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्यामुळे या उत्तरात अल्पशी चूक राहते, पण प्रवाशाच्या दृष्टीने ती नगण्य आहे.

ताशी ९०० किलोमीटर वेगाने हे अंतर आठ तासांत कापले जावे, तरी प्रत्यक्षात तसे घडत नाही, कारण हा वेग भोवतालच्या हवेच्या सापेक्ष असतो आणि सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे, ज्यांना 'जेट प्रवाह' म्हणतात, लंडनला जाताना विमानाला अडवतात, तर परतताना पुढे रेटतात. बंद हवाई हद्दींमुळे वळसाही पडतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हद्द भारतीय विमानांना बंद केल्यावर दिल्लीहून पश्चिमेकडे जाणारे अनेक प्रवास असेच लांबले. तिकिटावरील वेळा स्थानिक असतात, म्हणून घड्याळांतील साडेपाच तासांचा (ब्रिटनमधील उन्हाळ्यात साडेचार तासांचा) फरक हिशेबात धरल्यावाचून प्रवासाचा खरा कालावधी कळत नाही. शिवाय त्या कालावधीत धावपट्टीपर्यंत जाण्यायेण्याचा वेळही धरलेला असतो.