तळहातावरील चुना आणि सिगारेटीतील खार
(मंडळीतील अभ्यासवर्गासाठी पाठ)

शास्त्रपाठ : १ करिंथ ६:१२-२०, आमोस ८:४-६, यशया ५५:१-३



आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील मंडळ्यांत दारूविषयी उपदेश पुष्कळ होतो, आणि तो व्हावा हे योग्यच आहे. परंतु तंबाखूची गोष्ट निघाली म्हणजे पुष्कळ बंधू असे उत्तर देतात की, "शहरातील लोक सिगारेटी ओढतात, त्यांत कारखानदार नाना रसायने मिसळतात, म्हणून त्या वाईट. आमच्या चंचीत तर शेतातील पान व घरचा चुना एवढेच असते." हे उत्तर खरे आहे किंवा नाही, ह्याचा विचार आजच्या पाठात करावयाचा आहे. कारखान्यात काय मिसळतात हे प्रथम पाहू, आणि मग आपल्या तळहाताकडे दृष्टी लावू.

१. पानातील विष

तंबाखूच्या पानात निकोटीन नावाचे द्रव्य असते. झाड ते आपल्या मुळांत तयार करून पानांत साठविते, आणि त्या योगे किडीपासून आपला बचाव करिते. पूर्वी शेतकरी तंबाखूचा काढा करून पिकावर फवारीत असत, व त्याने मावा मरत असे, हे वडील माणसांनी ऐकले असेल. तेच निकोटीन मनुष्याच्या रक्तात गेले म्हणजे क्षणभर तरतरी आणिते, आणि थोड्या वेळाने आपली उणीव भासविते. ज्यास आपण तलफ म्हणतो ती हीच उणीव होय. भूक अन्नाने भागते. परंतु ही तलफ जितकी भागवावी तितकी वाढते.

आता एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पानातील बहुतेक निकोटीन मोकळे नसते. ते पानातल्या आंबट द्रव्यांशी, म्हणजे आम्लांशी, जखडलेले असते. अशा जखडलेल्या स्थितीत ते तोंडाच्या कातडीतून रक्तात फारसे शिरत नाही. ते शिरावे म्हणून त्याची ती बेडी तोडावी लागते, आणि ती तोडण्याचे काम खार करितो.

२. नवसागराचा दाखला

खार म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यातील लोकांस निराळे सांगावयास नको. लोणारच्या सरोवराचे पाणी समुद्राप्रमाणे केवळ मिठाने खारट नाही, तर सोड्याने खारे आहे. काच व साबण करण्याचे साहित्य तेथे मिळते, असा उल्लेख अकबराच्या काळच्या ऐन-इ-अकबरी ह्या ग्रंथातही आहे. पापडखार हा ह्याच जातीचा, आणि चुना तर त्याहून तीव्र.

चुना काय करितो हे डोळ्यांनी व नाकाने पाहावयाचे असल्यास एक सोपा प्रयोग आहे. भांड्यांस कल्हई करणारे लोक नवसागर वापरतात. त्याचा खडा कोरडा असता त्यास विशेष वास नसतो, कारण त्यातील अमोनिया नावाचा वायू एका आम्लाशी जखडलेला असतो. चिमूटभर नवसागर ओल्या चुन्यात उघड्या जागी कालवावा, व नाक दूर ठेवावे. तत्काळ गोमूत्र साचलेल्या गोठ्यातील दर्पासारखा उग्र वास सुटतो. चुन्याने आम्ल आपल्याकडे ओढून घेतले, आणि अमोनिया मोकळा झाला.

तळहातावर तंबाखू व चुना मळताना नेमके हेच घडते. चुना पानातील आम्ल ओढून घेतो, आणि निकोटीन मोकळे होते. म्हणून नुसत्या पानाने जी झिंग येत नाही ती चुन्याने येते. शिवाय चुना गालाची नाजूक कातडी भाजून काढितो, आणि त्या भाजलेल्या जागेतून विष अधिकच सुलभपणे आत जाते.

३. कारखान्यातील मिसळण

आता सिगारेटीकडे वळू. पुष्कळ सिगारेटींत केवळ कापलेले पान नसते. पानाच्या शिरा, देठ व कारखान्यात उरलेली धूळ ही भिजवून त्यांचा कागदासारखा ताव करितात, त्यावर नाना द्रव्ये शिंपडतात, आणि तो ताव कापून पानात मिसळतात. आमोस संदेष्ट्याने आपल्या काळच्या व्यापाऱ्यांवर जो दोष ठेविला त्यात गव्हाचे टाकाऊ भूस गरिबांस विकणे हाही एक होता. वाचकांनी तो उतारा ह्या ठिकाणी अवश्य काढून पाहावा.

सन १९९४ साली अमेरिकेतील मोठ्या सिगारेट कंपन्यांनी आपण मिसळत असलेल्या पदार्थांची यादी सरकारास सादर केली, तीत ५९९ नावे होती. त्यांपैकी काही आपल्या परिचयाची आहेत.

पहिली जात खाराची. त्या यादीत अमोनिया आहे, युरिया आहे, आणि ज्यास आपण शेतात डीएपी म्हणतो ते खतही आहे. कपाशीच्या मुळाशी ही खते उपकारक होत. परंतु तंबाखूत ती तापली म्हणजे अमोनिया सोडतात. त्याने धुराची चव बदलते, आणि निकोटीनाचा काही भाग मोकळा होतो. धुरात हा भाग किती असतो ह्याविषयी रसायनशास्त्रज्ञांत वाद आहे. परंतु कंपन्यांचा हेतू काय होता ह्याविषयी सन २००६ साली वॉशिंग्टन येथील न्यायाधीश ग्लॅडिस केसलर ह्यांनी दीर्घ सुनावणीनंतर असा निर्णय दिला की, ओढणारा सुटू नये इतके निकोटीन त्यास मिळत राहील अशा बेताने कंपन्यांनी आपल्या सिगारेटी घडविल्या, आणि लोकांपासून ही गोष्ट लपविली.

दुसरी जात गोडीची. साखर, मध, ज्येष्ठमध, कोको ही खाण्यास निरुपद्रवी; परंतु जी वस्तू पोटात अन्न आहे ती जळून छातीत गेली म्हणजे अन्न राहत नाही. साखर जळाली म्हणजे तिच्यापासून ॲसिटाल्डिहाइड व फॉर्माल्डिहाइड उत्पन्न होतात. ह्यांपैकी दुसऱ्याचे पाणी मृतदेह टिकविण्यासाठी वापरतात, व ते कर्करोग उत्पन्न करिते हे सिद्ध झाले आहे. तंबाखू ओलसर राहावी म्हणून घातलेल्या ग्लिसरिनापासून ॲक्रोलीन हा श्वासनलिका जाळणारा वायू निघतो.

तिसरी जात थंडाव्याची. पुदिन्याच्या जातीतील मेंथॉल घशास गार लागते. धूर जाळीत असताही जाळीत नाही असे भासते, आणि नवशिका मुलगा खोकून थांबण्याऐवजी आणखी खोल दम घेतो. ह्याच कारणास्तव युरोपीय संघाने मे २०२० पासून मेंथॉलच्या सिगारेटी बंद केल्या.

ह्या तिन्ही जातींत एकच धोरण दिसते. ठसका ही देवाने शरीरास दिलेली राखण आहे. ती गोडीने व थंडाव्याने निजवावयाची, आणि खाराने दार उघडावयाचे.

४. मग शुद्ध तंबाखू चांगली काय?

येथे एका भ्रमापासून सावध राहावे. मिसळण काढून टाकिली म्हणजे तंबाखू निर्दोष होते असे कोणी समजू नये. तंबाखूच्या धुरात ७,००० हून अधिक रासायनिक द्रव्ये असतात, व त्यांपैकी सुमारे ७० कर्करोग उत्पन्न करणारी आहेत. त्यांतील बहुतेक पान जळाल्यानेच उत्पन्न होतात. मिसळण त्यांत भर घालिते एवढेच. बिडीत कारखान्याची गोडी नसते, तिच्यात तंबाखूही थोडी असते. परंतु टेंभुर्णीचे पान सहज जळत नाही, म्हणून ती विझू नये यासाठी वारंवार व जोराने ओढावी लागते, आणि डांबर व विषारी वायू छातीत अधिकच जातात. खाण्याच्या तंबाखूत धूर नसला तरी पान सुकविताना व मुरविताना नायट्रोसॲमाइन नावाची कर्करोगकारक द्रव्ये उत्पन्न होतात, आणि ती तासन्तास गालाशी लागून राहतात. मिश्री भाजलेल्या तंबाखूचीच होय. गरोदर भगिनीने ती लाविली तर बालक कमी वजनाचे जन्मण्याचे भय असते.

आपल्या प्रांतात धुरापेक्षा हेच संकट मोठे आहे. सन २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी शेकडा ३.८ लोक धूम्रपान करणारे आढळले; परंतु तंबाखू खाणारे व लावणारे शेकडा २४.४ होते. म्हणजे सिगारेटीस नावे ठेवून स्वस्थ बसणे हे शेजाऱ्याच्या डोळ्यातील कुसळ पाहण्यासारखे आहे.

विदर्भातील खर्रा व बाजारातील गुटखा ह्यांत तर चुना, तंबाखू व सुपारी ही तिन्ही एकत्र येतात. सुपारी ही तंबाखूवाचूनही कर्करोग उत्पन्न करिते, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सन २००४ मध्ये प्रसिद्ध केला. तिने गालाच्या आतील कातडी ताठ होते व तोंड उघडेनासे होते. महाराष्ट्र सरकारने ऑगस्ट २००२ पासून गुटख्यास बंदी केली होती. परंतु असा हुकूम काढण्याचा अधिकार राज्यास नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ती सन २००४ मध्ये रद्द ठरविली. पुढे अन्नसुरक्षेचा नवा कायदा झाल्यावर जुलै २०१२ मध्ये गुटखा व पान मसाला ह्यांवर पुन्हा बंदी आली. त्या वेळी पान मसाल्याच्या नमुन्यांत मॅग्नेशियम कार्बोनेट हा मना केलेला पदार्थ आढळला होता. बंदी झाली, तरी कायदा दुकानाचे दार लावितो. मनाचे दार लावणे त्याच्या हाती नाही.

५. शास्त्राचा प्रश्न

कोणी म्हणेल, बाहेरून आत जाणारे मनुष्यास विटाळवीत नाही, असे प्रभूनेच मार्काच्या सातव्या अध्यायात सांगितले आहे. होय, आणि म्हणून तंबाखू खाणारा बंधू अशुद्ध आहे, असे आम्ही म्हणत नाही. परंतु प्रभू तेथे विटाळाविषयी बोलत आहे, दास्याविषयी नव्हे. दास्याविषयी पौलाने करिंथकरांस जे लिहिले ते आजच्या पाठात आहे : सर्व गोष्टींची मोकळीक असली तरी आपण कशाच्याही अधीन होणार नाही, असा त्याचा निश्चय होता. ज्यास पहाटे प्रार्थनेपूर्वी चंची आठवते, व उपासना चालू असता दोनदा बाहेर जावे लागते, त्याने आपण कोणाच्या अधीन आहो हे स्वतःस विचारावे. पौल पुढे म्हणतो की आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, व आपण मोल देऊन घेतलेले आहो. ज्याचे मोल ख्रिस्ताने भरिले, त्यास चुन्याच्या चिमटीने पुन्हा गहाण टाकावे काय?

पैशाचाही हिशेब पाहा. दिवसास २० रुपये ह्या व्यसनात जात असतील, तर वर्षास ७,३०० रुपये होतात. जे अन्न नव्हे त्यासाठी पैसा का वेचावा, हा यशयाचा प्रश्न मजुरी करणाऱ्या घरास किती लागू पडतो!

६. प्रचारकांनी काय करावे

प्रथम, स्वतःपासून आरंभ करावा. चुन्याने माखलेल्या बोटाने पवित्र शास्त्राचे पान उलटून हा पाठ शिकविता येणार नाही.

दुसरे, व्यसनी बंधूस लाज आणू नये. त्याची इच्छा दुबळी आहे एवढेच कारण नाही. ती बांधून ठेवण्यासाठीच हे मिश्रण रचिले आहे. सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड, बेचैनी व निद्रानाश होतो, हे त्यास व घरच्यांस अगोदर सांगावे. तलफ काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी प्यावे, बडीशेप चघळावी, प्रार्थना करावी, अथवा कामास लागावे. तंबाखूऐवजी सुपारी मात्र धरू नये. १८००-११-२३५६ ह्या सरकारी क्रमांकावर व्यसन सोडण्याविषयी विनामूल्य सल्ला मिळतो.

तिसरे, तोंड तपासण्यास शिकवावे. पांढरा अथवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत बरा न होणारा व्रण, अथवा तोंडात तीन बोटे उभी न जाणे, ह्यांपैकी काही दिसल्यास ग्रामीण रुग्णालयात अथवा बुलढाण्यास जिल्हा रुग्णालयात विलंब न करिता न्यावे. आरंभी सापडलेला रोग पुष्कळदा बरा होतो; वेदना होईतो थांबणाऱ्यास उशीर झालेला असतो.

चौथे, लेकरांस पुडी आणावयास दुकानी धाडू नये. १८ वर्षांखालील मुलास तंबाखू विकणे सन २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि जो बाप मुलास त्या वाटेने पाठवितो तोच त्यास वाट दाखवितो.

मननासाठी प्रश्न

१. चुना व अमोनिया ह्यांच्या कामांत साम्य कोणते?
२. मार्क ७ व १ करिंथ ६ ह्या दोन वचनांत विरोध आहे काय? आपल्या शब्दांत सांगा.
३. आपल्या मंडळीत हे जू टाकू इच्छिणारा बंधू अथवा भगिनी कोण आहे, आणि येत्या आठवड्यात त्यांच्यासोबत कोण राहील?

प्रार्थनेचा विषय : जे सोडण्याचा यत्न करून पुन्हा पडले आहेत त्यांच्यासाठी, त्यांनी पुन्हा उठावे म्हणून.